क्ष चौकातलं निमंत्रण

मायनाबाईंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण त्यांचं लाल पेन अजून नोकरीवर होतं. सकाळी वर्तमानपत्र आलं की ते चष्म्याच्या घरातून बाहेर यायचं. औषधाच्या खोक्यातला कागद, बँकेचं पत्र, जिन्यात लावलेली पाणी बंदची नोटीस, कुणाचीही त्याच्या तावडीतून सुटका नव्हती. त्या नोटिशीला तर बाईंनी एकदा दहापैकी चार गुण देऊन खाली 'विषय लिहिलेला नाही' असा शेरा मारला होता. तेव्हापासून इमारतीचा सेक्रेटरी नोटीस लावण्याआधी मुकाट्याने त्यांना दाखवून नेत असे.

मायनाबाई हे नाव अर्थातच मुलांनी ठेवलेलं. एकतीस वर्षं त्यांनी एकाच शाळेत भाषा शिकवली. भाषेत त्यांचा जीव पत्रलेखनावर आणि पत्रलेखनात मायन्यावर. "मायना म्हणजे समोरच्याला मारलेली हाक," असं त्या पहिल्याच तासाला सांगत. "हाक चुकली की पुढचं सगळं पाण्यात." साहेबाला 'महोदय', वडिलांना 'तीर्थरूप', मैत्रिणीला 'प्रिय', आणि आभाळ कोसळलं तरी कुणालाही 'हॅलो' नाही. औपचारिक पत्राला विषय हवा, संदर्भ हवा, भावना नको. अनौपचारिक पत्राला भावना हवी, पण तीन परिच्छेदांत मावेल एवढीच. हे सगळं त्यांनी एका पिवळ्या तक्त्यावर लिहून वर्गात टांगलं होतं. निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ त्या तिथेच विसरल्या आणि तक्ता तेवढा काखोटीला मारून घरी आल्या. आता तो स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी होता.

तक्त्याखाली राहायचं भाग्य लाभलं होतं त्यांच्या धाकट्या बहिणीला. धाकटीने अठ्ठावीस वर्षं टेलिफोन ऑफिसात काढलेली. कानाला यंत्र लावून तिने अख्ख्या गावाची बोलणी जोडून दिली होती, आणि पत्र ही गोष्ट तिला मुळातच संथ वाटायची. नवरा गेल्यावर ती ताईकडे राहायला आली. पहिल्याच आठवड्यात तिला फ्रिजवर चिठ्ठी मिळाली: 'विषय: दूध उतू जाण्याबाबत. संदर्भ: आपले काल सकाळचे आश्वासन.' धाकटीने त्याच्याखाली लिहिलं, 'प्रिय ताई, गेलं उतू.' बाईंनी त्याला दोन गुण दिले, तेही मायना बरोबर होता म्हणून.

तर त्या मंगळवारी दुपारी शाळेचा शिपाई एक पाकीट देऊन गेला. शाळेच्या पत्त्यावर बाईंच्या नावाने आलेलं. बाईंनी ते सुरीने नीट उघडलं, आतला कागद टेबलावर सपाट केला, आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा असा काही फुलला की धाकटी वाटाणे सोलायचं थांबवून बघत राहिली.

"हे बघ," बाई म्हणाल्या. "कोण म्हणतं हल्ली कुणाला पत्र लिहिता येत नाही?"

पत्र असं होतं:

अ. ब. क.,
क्ष चौक.

आदरणीय बाईंस,
सविनय नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. मी येथे खुशाल आहे.

पत्र लिहिण्यास कारण की, येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता माझ्या दुकानाचे उद्घाटन आहे. फीत कापायला घरचे कुणी मोठे माणूस लागते असे सगळे म्हणतात. परीक्षेत सर्वांना वडील असतात, दुकानात तसे नसते. तरी आपण यावे. आपण आल्याशिवाय फीत कापणार नाही.

बाकी सर्व क्षेम. कळावे, लोभ असावा.

आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी,
अ. ब. क.

"समास किती सरळ सोडलाय बघ," बाई म्हणाल्या. "आणि तीन परिच्छेद. मोजून तीन."

लाल पेन बाहेर आलंच. घडीजवळ एक काळा, तेलकट ठसा उमटला होता, अंगठ्याएवढा. त्याभोवती गोल करून बाईंनी 'अस्वच्छता' असं लिहिलं आणि अर्धा गुण कापला. वडिलांचं ते वाक्य त्यांना पत्रात उपरं वाटलं. त्याखाली रेघ मारून 'विषयांतर' असं लिहिलं आणि आणखी अर्धा कापला. उरले नऊ. बाईंच्या हयातीत अनौपचारिक पत्राला नऊ गुण फार तर चारपाच जणांना मिळाले असतील.

"मग जाणार का शनिवारी?" धाकटीने विचारलं.

"छे गं. गुडघ्याचं काय करू? आणि दुकानाच्या उद्घाटनाला मी कशाला? मिठाईची खोकी आणि फोटो." त्यांनी लगेच कोरा कागद ओढला. "पण उत्तर मात्र आजच जायला हवं. निमंत्रणाला उत्तर न देणं म्हणजे हाक मारणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं."

नकाराचं पत्र बाईंनी पंधरा मिनिटांत हातावेगळं केलं. त्यात दिलगिरी होती, गुडघा होता, उत्तरोत्तर भरभराटीच्या शुभेच्छा होत्या. कागदाची घडी झाली, पाकीट डकवलं, तिकीट लागलं. मग पत्ता लिहायला पेन टेकवलं आणि तिथे घोडं अडलं.

धाकटी हे सगळं वाटाण्यांच्या ढिगामागून बघत होती. "लिही ना," ती गोड आवाजात म्हणाली. "कुमारी अ. ब. क. यांस. क्ष चौक. पोस्टमन तुझा विद्यार्थी असला तर पोचेलही."

बाईंनी पत्र उलटसुलट केलं, पाकीट उजेडात धरून पाहिलं, आतून फुंकर मारली. नाव नाही, पत्ता नाही. आणि ही करामत दुसऱ्या कुणाची नव्हती, खुद्द त्यांचीच होती. परीक्षेतल्या पत्राखाली मुलांनी आपलं खरं नाव, खरा पत्ता लिहायचा नाही, हा नियम. तपासणाऱ्याला पेपर कुणाचा ते कळता कामा नये. म्हणून नावाच्या जागी अ. ब. क. आणि गावाच्या जागी क्ष. इतर शिक्षक हे परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगून मोकळे होत. मायनाबाई वर्षभर घोटून घेत. नाव लिहिलं की गुण गेले, असं त्यांनी एकतीस वर्षं मुलांच्या इतकं डोक्यात भरलं होतं की शाळा सुटल्यावर आयुष्यातलं पहिलं खरं पत्र लिहितानाही कुणा एकीचा हात नावापाशी येऊन थबकला होता.

"शंभर टक्के निकाल लागला गं ताई तुझा," धाकटी म्हणाली आणि हसता हसता तिच्या मांडीवरची परात कलंडली. वाटाणे कपाटाखाली गेले.

"दात काढू नकोस. अक्षरावरून ओळखते मी. एकेक मूल अक्षरावरून ओळखायचे."

बाईंनी चष्मा पुसून अक्षराकडे पाहिलं. उभं, गोल, टपोरं, ओळीला धरून चालणारं. ओळखीचं होतं, नाही असं नाही. पण ते त्यांचं स्वतःचंच होतं. सगळ्या वर्गांना त्यांनी फळ्यावरचं आपलंच अक्षर गिरवायला लावलं होतं. हजारभर मुलींपैकी कुणाचंही असू शकेल असं ते सुरेख अक्षर होतं.

संध्याकाळपर्यंत बाईंनी हा विषय गमतीवारी नेला. रात्रीच्या जेवणाला मात्र त्यांचं लक्ष लागेना. "आपण आल्याशिवाय फीत कापणार नाही," त्या एकदम म्हणाल्या. "असं लिहिलंय तिने."

"लिहितात गं तसं. तुझ्याच तक्त्यावर असेल."

बाई उठून तक्त्यासमोर उभ्या राहिल्या. निमंत्रणाच्या नमुन्यात 'उपस्थितीने शोभा वाढेल' होतं, 'अगत्य यावे' होतं. हे वाक्य नव्हतं. म्हणजे ते तिचं स्वतःचं होतं, आणि शनिवारी कुठल्या तरी चौकात कुणीतरी मुलगी बंद फितीमागे खरोखर उभी राहणार होती. येत नाही असं कळवायचं म्हटलं तरी कळवायचं कुणाला? जेवण अर्धवट टाकून बाईंनी ते नकाराचं पत्र कपाटात ठेवलं.

बुधवारी सूत्रं धाकटीने हातात घेतली. तिने जुनी वही काढली, चष्मा चढवला, आणि फोन असा धरला की निवृत्ती वगैरे सगळं अंगावरून गळून पडलं. बाईंच्या माहितीतल्या दहाबारा माजी विद्यार्थिनींचे नंबर होते. त्यांच्याकडून पुढचे. प्रत्येकीला प्रश्न एकच.

"नमस्कार, मायनाबाईंच्या घरून बोलतेय. कृपया लाइनवर राहा. तुम्ही अ. ब. क. आहात का?"

एका वकील मुलीने आधी लेखी नोटीस पाठवा म्हटलं. एका डॉक्टरणीला वाटलं बाईंना भ्रम झाला, तिने ताबडतोब रक्त तपासून घ्यायला सांगितलं. आगगाडीची तिकिटं तपासणारी एक होती, ती मात्र खूप हसली आणि म्हणाली, "मावशी, आम्ही सगळ्याच अ. ब. क.! बाईंना आमची नावं कुठे ठाऊक असायची? त्यांना फक्त चुका लक्षात राहायच्या."

धाकटीने हे बाईंना सांगितलं नाही. पण बाई मागेच उभ्या होत्या, आणि त्या फोनचा आवाज शेजारच्या खोलीपर्यंत जायचा.

"खोटं आहे ते," बाई म्हणाल्या. "चांगली आठवतात मला."

"मग सांग ना दहा जणींची नावं."

बाईंनी सुरुवात केली. पहिली दोन नावं झटकन आली. तिसरीचा मायना आठवला, तिने मुख्याध्यापकांना 'प्रिय' लिहिलं होतं. चौथी पत्राच्या शेवटी 'कळावे' लिहायला विसरली होती. पाचवीचा समास वाकडा जायचा. बाई उगाच पडदे सारखे करायला गेल्या.

गुरुवारी धाकटीने एका परिचारिकेला फोनवर गाठलं. ती रात्रपाळीहून येऊन नुकतीच आडवी झाली होती, तरी बिचारी म्हणाली, "तुम्ही मला ते पत्र वाचून दाखवा. बोलण्याची ढब कळली तर ओळखेन." धाकटी खिडकीशी जाऊन मोठ्याने वाचू लागली. बाई ओट्यापाशी चहाचं आधण ठेवत होत्या. आतापर्यंत त्यांनी पत्र वीसेक वेळा पाहिलं होतं. समास पाहिला होता, परिच्छेद मोजले होते, अक्षराचे वळसे भिंगाखाली घातले होते. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"...परीक्षेत सर्वांना वडील असतात," धाकटी वाचत होती, "दुकानात तसे नसते."

बाईंच्या हातातला चमचा ओट्यावर पडला.

ते वाक्य उपरं नव्हतं. त्यांचंच होतं. अठरा वर्षांपूर्वीचं, सातवीच्या वर्गातलं, चाचणी परीक्षेच्या दिवशीचं. प्रश्न होता: 'परीक्षेत पहिला क्रमांक आल्याबद्दल सायकल मागणारे पत्र वडिलांना लिहा.' तिसऱ्या बाकावरची एक किडकिडीत मुलगी उभी राहिली होती आणि तिने विचारलं होतं, "बाई, वडील नसतील तर?" बाईंच्या हातात पुरवण्यांचा गठ्ठा होता, वेळ चालू झाली होती, आणि त्या म्हणाल्या होत्या, "परीक्षेत सगळ्यांना वडील असतात. बस आणि लिही." वर्ग हसला होता. बाईंनासुद्धा तेव्हा आपलं उत्तर हजरजबाबी वाटलं होतं.

मुलगी बसली आणि तिने लिहिलं. ते पत्र आता बाईंना ओळीनं आठवू लागलं, आणि आठवतंय याचीच त्यांना लाज वाटली, कारण तेव्हा त्यांनी ते कशासाठी लक्षात ठेवलं होतं ते त्यांना ठाऊक होतं. 'तीर्थरूप बाबांस' असा शुद्ध मायना होता. पुढे लिहिलं होतं की सायकल नवी नको, मोडकी चालेल, ती मी दुरुस्त करीन, पण ती तुम्ही घेऊन यायला हवी. आणि शेवटी, तुमची लाडकी, याच्यापुढे तिने आपलं खरं नाव लिहिलं होतं. पूर्ण, आडनावासकट, म्हणजे ज्याला पाठवलंय त्याला ते पत्र नेमकं कुणाचं ते कळावं. बाईंनी ते नाव लाल रेघ मारून खोडलं होतं. समासात 'नाव लिहू नये' असं लिहून दोन गुण कापले होते, आणि दुसऱ्या दिवशी चूक कशी असते ते दाखवायला पेपर वर्गात वर धरला होता.

"धाकटे," बाई म्हणाल्या, "फोन ठेव."

"का गं? काय झालं?"

"मी हे पत्र तपासलं. वाचलंच नाही मी." त्यांचा आवाज असा आला की धाकटीने खरंच फोन ठेवला, परिचारिकेचा निरोपही न घेता. बाईंनी तिला सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. थट्टा करायची धाकटीला हीच संधी होती, पण ती तिने सोडली. तिने उठून गॅस तेवढा बंद केला.

"नाव काय तिचं?" तिने विचारलं.

बाईंनी डोळे मिटून खूप प्रयत्न केला. बाक दिसत होता, वेण्या दिसत होत्या, पेपरवरची लाल रेघ तर ठसठशीत दिसत होती. रेघेखालचं काही दिसेना.

"आठवत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते मीच खोडलंय ना."

धाकटीने पत्र घेऊन त्या लाल गोलातल्या काळ्या ठशावर नाक टेकवलं. "ताई, तुझी ही अस्वच्छता आहे ना, हे वंगण आहे. सायकलच्या साखळीचं. नवरा माझा जन्मभर सायकलने कामावर गेला, सदऱ्यांवरचे डाग मी काढलेत." तिने वही पुन्हा उघडली. "आता सोपं आहे. गावात सायकलचे सुटे भाग विकणारा ठोक व्यापारी एकच आहे. नवं दुकान काढणारीला त्याच्याकडे गेल्यावाचून गत्यंतर नाही."

सोपं होतं खरं, पण गुरुवारी तो फोन उचलेना आणि शुक्रवारी त्याची सुट्टी. बाईंनी तो सगळा दिवस घरात येरझाऱ्या घालून काढला. गुडघ्याचं नावही काढलं नाही. शनिवारी त्या सात वाजताच पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत निघाल्यासारख्या तयार होऊन खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर घेऊन. पर्समध्ये ते पत्र होतं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी व्यापाऱ्याने फोन उचलला.

"कृपया लाइनवर राहा," धाकटी म्हणाली, सवयीने.

"अहो, तुम्हीच फोन केलाय ना?"

"हो हो. आज नवं सायकल दुरुस्तीचं दुकान कोण उघडतंय? बाईमाणूस?"

"ती होय! ती एकच आहे. दहा वर्षं माझ्याच गोदामात चाकं बांधली तिने. आता स्वतःचं काढतेय, पाण्याच्या टाकीमागे, जुन्या गॅरेजात. नाव? आम्ही तिला मेकॅनिकच म्हणतो. कागदोपत्री असेल काहीतरी."

टाकी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. बस अर्ध्या तासाने आली आणि मग प्रत्येक थांब्यावर निवांत टेकत निघाली. चढणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बाई उशिरा आलेल्या विद्यार्थ्याकडे पाहावं तसं पाहत होत्या. दहा वाजले तेव्हा बस पुलाच्या अलीकडे होती. सव्वादहाला पुलावर. "जाईल थांबायची," धाकटी दर दोन मिनिटांनी म्हणत होती, आणि दर वेळी तिचा आवाज थोडा बारीक होत होता. उतरल्यावर बाई त्या गुडघ्यानिशी अशा सुटल्या की धाकटीलाच त्यांना गाठता गाठता धाप लागली.

दुकानापुढे चारपाच माणसं आपापल्या सायकली घेऊन ताटकळत उभी होती. त्यांच्यात एक पोस्टमनही होता, पंक्चर झालेलं मागचं चाक घेऊन. दाराच्या दोन बाजूंना दोन जुन्या सायकली उभ्या केल्या होत्या आणि त्यांच्या हॅन्डलांना एक लाल फीत बांधली होती. फितीच्या आत, उलट्या ठेवलेल्या बादलीवर, तिशीची एक किडकिडीत बाई बसली होती. हात धुतलेले होते, पण नखांत वंगण राहिलंच होतं. मांडीवर कात्री.

"मी केव्हाचा सांगतोय हिला, तूच काप आणि मोकळी हो," पोस्टमन बाईंना म्हणाला, त्या गिऱ्हाईक आहेत असं समजून. "माझी अख्खी डाक खोळंबलीय. ऐकतच नाही."

बादलीवरची बाई कात्री बादलीवर ठेवून उठून उभी राहिली. तिने आधी मायनाबाईंकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, आणि पुन्हा बाईंकडे.

"अकरा वाजले, बाई," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्ही रागावलात. म्हटलं, मायना चुकला असेल."

"मायना बरोबर होता. पत्ता सापडत नव्हता."

"लिहिला होता की! क्ष..." ती मध्येच थांबली आणि तिने जीभ चावली. "अगं आई गं. पत्ता! आणि नाव? नावपण नाही लिहिलं?"

"नियम म्हणजे नियम," धाकटी धापा टाकत मागून म्हणाली. पोस्टमनला काही कळलं नाही, तरी तो हसला.

बाईंनी पर्समधून पत्र काढलं. त्यावरचं लाल सगळं दिसत होतं: गोल, रेघ, कोपऱ्यातले नऊ. धाकटीने त्यांना कोपराने ढोसलं, ते दाखवू नकोस म्हणून, पण तोवर फितीपलीकडून मान पुढे झालीच होती.

"नऊ!" मेकॅनिक म्हणाली, आणि तिचा चेहरा सातवीतला झाला. मग तिला खालचे शेरे दिसले. "एक कशाचा गेला?"

"तो माझा गेला," बाई म्हणाल्या. "तुझा नाही. त्या दिवशी वर्गात तू मला विचारलंस, वडील नसतील तर काय लिहायचं. मी उत्तर दिलं नाही, मुलांना हसवलं. चुकलं माझं. फार चुकलं." गिऱ्हाइकं ऐकत होती, पण बाईंना त्याचं काही वाटलं नाही. "आणि तू सायकल मागितली होतीस. मोडकी चालेल म्हणाली होतीस."

मेकॅनिकने खांद्यावरच्या फडक्याला उगाच हात पुसले, ते पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

"तुम्हाला आठवतंय ते," ती शेवटी म्हणाली.

"पत्र आठवतं. तुझं नाव आठवत नाही." हे बोलायला बाईंना दुकान शोधण्याहून जास्त कष्ट पडले. त्यांनी चष्म्याच्या घरातून लाल पेन काढलं आणि पत्रासकट फितीवरून पुढे केलं. "इथे लिही. अ. ब. क.च्या खाली. पूर्ण नाव लिही, आडनावासकट."

"गुण जातील, बाई."

"जाऊ देत."

मेकॅनिकने पत्र एका सायकलच्या सीटवर ठेवलं आणि सावकाश लिहिलं, उभं, गोल, टपोरं. कागद परत देताना त्यावर अंगठ्याचा आणखी एक काळा ठसा उमटला. बाईंनी चष्मा सारखा केला. मग ताठ उभ्या राहून, हजेरी घेताना वर्गात जो आवाज काढत तोच आवाज काढून, त्यांनी ते नाव मोठ्याने वाचलं. रस्त्यापलीकडची दोन माणसं वळून बघू लागली.

मेकॅनिकने दोन्ही हात पाठीमागे घेतले, पाय जुळवले.

"हजर, बाई," ती म्हणाली.

धाकटीने डोळे पुसले आणि बादलीवरची कात्री उचलून ताईच्या हातात दिली. "चला, झालं एकदाचं," पोस्टमन म्हणाला आणि त्याने आपलं पंक्चर चाक पुढे ढकललं.